नोकरी गेली, आता काय? कोल्हापूर परिसरातल्या कुटुंबांकडून वारंवार येणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, उद्यमनगर, इचलकरंजी इथल्या कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी कागद आणि हक्काचे पैसे, मग घर, मग नवं काम असा क्रम ठेवला आहे. आजच काढलं असेल तर पहिले दोन प्रश्न आत्ता वाचा, बाकीचे उद्या वाचले तरी चालतील.

१. "उद्यापासून येऊ नका" असं तोंडी सांगितलंय. लगेच काय करू?

आज रात्रीच एचआरला किंवा मालकांना व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल पाठवा: "आज दि. … रोजी मला तोंडी कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं. कृपया लेखी आदेश द्यावा. मी कामावर येण्यास तयार आहे." दुसऱ्या दिवशी हाच मजकूर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे वाद झाला की "हा माणूस स्वतःहून यायचा बंद झाला" हा कंपनीचा सगळ्यात नेहमीचा बचाव असतो, आणि तोंडी काढलेल्याकडे त्याला उत्तर द्यायला दुसरं काहीच नसतं.

मग कागद गोळा करा: नेमणूक पत्र, जमेल तितक्या महिन्यांच्या पगार स्लिपा, ओळखपत्राचा फोटो, पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक), ईएसआयचा (कामगार राज्य विमा) विमा क्रमांक, शिल्लक रजेची नोंद. कंपनीच्या लॉगिनवर असलेल्या स्लिपा ते बंद व्हायच्या आत उतरवून घ्या. फक्त स्वतःचेच कागद घ्या. ड्रॉइंग, ग्राहकांची यादी, प्रोग्रॅम यातलं काही घेतलंत तर तुमची बाजू तिथेच कमकुवत होते.

२. एचआर म्हणतात, "राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील." देऊ का?

त्या खोलीत बसून देऊ नका. "घरी विचार करून दोन दिवसांत कळवतो" एवढं म्हणा आणि उठा. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतः नोकरी सोडलेली असते. मग छाटणीची भरपाई मागता येत नाही, ईएसआयचा बेकारी भत्ता (प्रश्न १०) अडतो, आणि पुढे कामगार कार्यालयात गेलात तर "सही माझी आहे पण दबावाखाली केली" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

राजीनामा परवडतो असं एकच चित्र आहे: कंपनी कायदेशीर देण्यापेक्षा ठळकपणे जास्त रक्कम देते आहे, ती लेखी देते आहे आणि राजीनाम्याच्याच दिवशी खात्यात जमा करते आहे. नुसत्या अनुभव पत्रासाठी सही करू नका.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा "सर्व देणी मिळाली" अशा मजकुराखाली पैसे मिळण्याआधी सही नको. करावीच लागली तर सहीशेजारी तारीख आणि "रक्कम मिळालेली नाही" असं स्वतःच्या हातानं लिहा.

३. मला नेमके किती पैसे मिळायला हवेत?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची छाटणी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. जुन्या कायद्यातही हिशोब हाच होता.

उदाहरण घेऊ. नोकरी ८ वर्षं ७ महिने, सरासरी पगार २०,००० रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये.

छाटणी भरपाई: १०,००० × ९ = ९०,००० रुपये.
नोटीस पगार: २०,००० रुपये.
ग्रॅच्युइटी: १८,००० ÷ २६ × १५ × ९ = सुमारे ९३,४६२ रुपये.

यावर शिल्लक रजेचे पैसे, राहिलेला पगार आणि चालू वर्षाचा बोनस वेगळा. छाटणी भरपाई आणि ग्रॅच्युइटी ही दोन वेगळी देणी आहेत. "भरपाई दिली, त्यातच ग्रॅच्युइटी आली" असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे.

राहिलेला पगार काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षांची अट आहे. मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतर त्या प्रमाणात मिळते. छाटणी झालेल्या कामगारासाठी आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत खात्यात येण्याचीही तरतूद आहे. मागणीपत्रात तिचा उल्लेख करा, कारण न मागता ती फारशी कुणाला आठवत नाही.

४. काढलं नाही, पण "ऑर्डर आली की बोलावतो" म्हणून घरी बसवलंय. हे काय?

हा ले-ऑफ. यात नोकरी संपत नाही. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, एक वर्ष झालेल्या कामगाराला अशा दिवसांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते. अट अशी की नेहमीच्या वेळेला गेटवर हजेरी लावायची. बरेच जण पहिले चार दिवस जातात आणि मग जाणं सोडतात, तिथेच पैसे बुडतात. हजेरीपत्रक ठेवलेलं नसेल तर गेटवरून रोज एचआरला "हजर आहे" असा मेसेज टाका. तीन-चार आठवडे असं चाललं तर बाहेर काम बघायला सुरुवात करा, पण राजीनामा नवी नोकरी हातात आल्यावरच.

५. मी ठेकेदाराकडे आहे. ठेकेदार म्हणतो कंपनीनं पैसे दिले नाहीत, कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा.

ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यामुळे मागणीपत्र दोघांच्याही नावानं लिहा. कंपनीचा गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेत कुणाच्या खात्यातून पगार आला ती नोंद जोडा. पीएफ पासबुकात आस्थापनेचं नाव कुणाचं आहे तेही बघा. दर अकरा महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदललं असेल तर सगळी नावं वर्षांसह लिहून काढा.

६. माझं पद "असिस्टंट मॅनेजर" आहे. मला कामगार कायदा लागू होत नाही म्हणतात.

पदाच्या नावावर ते ठरत नाही. प्रत्यक्षात रोज काय करत होता ते बघतात. रजा मंजूर करणं, माणसं नेमणं, शिक्षा करणं हे तुमच्या हातात होतं का? नसेल आणि तुम्ही मशीन, तपासणी, डिझाइन किंवा हिशोबाचंच काम करत असाल तर दावा टिकू शकतो. खऱ्या व्यवस्थापकीय पदावर असाल, किंवा देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त मिळवत असाल, तर छाटणी भरपाईऐवजी नेमणूक पत्रातल्या नोटीस कालावधीवर बोलावं लागतं. ग्रॅच्युइटी आणि पीएफचा हक्क मात्र पदाच्या नावामुळे सुटत नाही.

७. पैसे देतच नाहीत. तक्रार कुठे करायची? वकील परवडत नाही.

आधी मागणीपत्र स्पीड पोस्टानं, त्यात प्रश्न ३ प्रमाणे आकडे मांडून १५ दिवसांची मुदत. उत्तर आलं नाही तर कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. तिथे दोन्ही बाजूंना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो. कोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना तो कायद्यानेच मिळतो. "बघू, पुढच्या दिवाळीनंतर" असं करत राहू नका, दाव्याला मुदत असते.

८. घरात सांगू का? आई-वडिलांना धक्का बसेल, मुलं घाबरतील.

सांगा, आणि पहिल्या दोन दिवसांत सांगा. रोज डबा घेऊन बाहेर पडायचं आणि रंकाळ्यावर किंवा टाऊन हॉलच्या बागेत दिवस काढायचा, असं करणारी माणसं कमी नाहीत. अशा घरात खर्च जुन्याच गतीनं चालू राहतो, आणि बायकोला हे बाहेरच्या माणसाकडून कळतं तेव्हा नोकरी गेल्यापेक्षा लपवल्याची जखम मोठी होते.

आधी पती-पत्नीनं दोघांतच बसावं. सोबत आकडे असू द्या: हातात किती, येणं किती, महिन्याचा खर्च किती. मग आई-वडिलांना दोघांनी मिळून सांगावं. "काम गेलंय, एवढे महिने भागेल एवढी सोय आहे, शोध सुरू आहे" ही तीन वाक्यं पुरतात. अण्णा रागावतील, आईच्या डोळ्यांत पाणी येईल. ते दोन दिवसांत ओसरतं. उलट गावाकडची ओळख, भावकीतला एखादा सुपरवायझर, जुना शेजारी अशा वाटा बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच निघतात.

मुलांना वयाप्रमाणे सांगा. लहानांना एवढंच हवं असतं की शाळा सुटणार नाही आणि बाबांनी काही वाईट केलेलं नाही. नववीच्या वरच्या मुलांना खर्चाचा कागद दाखवला तरी चालतो, फक्त त्यांच्यावर "आता तूच घर सांभाळ" असं ओझं टाकू नका.

घरी बसलेल्या माणसानं घरातलं एक ठरलेलं काम पूर्णपणे अंगावर घ्यावं: मुलांना शाळेत सोडणं, पाणी भरणं, आईचा दवाखाना. नुसती "मदत करतो" यातून कुरबुरी वाढतात.

९. बचत किती दिवस पुरवायची? कुठून सुरुवात करू?

मिळालेली रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कमच घरखर्चाच्या खात्यात घ्या, पगार आल्यासारखी. नोकरी सहा महिने मिळणार नाही असं धरून ती रक्कम काढा. एकरकमी पैसा समोर दिसला की गाडीची दुरुस्ती, पाहुण्यांचं देणं, घराचा रंग असं सगळं एकदम आठवतं.

ज्यांच्या घरी ऊस किंवा जनावरं आहेत त्यांनी पैशाच्या तारखा जुळवून घ्या. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, ते किराणा आणि भाजीला लावा. उसाचं बिल वर्षातून मोजक्या वेळा येतं, ते फी, विमा आणि सोसायटीच्या कर्जाला. उसाच्या बिलाच्या भरवशावर महिन्याचा किराणा उधार आणायला लागलात की हिशोब हाताबाहेर जातो.

नवी भिशी घेऊ नका. चालू भिशी मध्येच सोडण्यापेक्षा गटाला सांगून नंबर आधी मिळतो का ते विचारा. लग्नकार्यातला आहेर आणि गणपतीचा खर्च निम्म्यावर आणा. भाऊबंदकीत एकदा बोलून टाकलं की कुणी नाव ठेवत नाही.

१०. ईएसआय बंद झाल्यावर दवाखान्याचं काय? बेकारी भत्ता मिळतो का?

ईएसआयची वैद्यकीय सोय त्याच दिवशी संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. अडलेलं ऑपरेशन किंवा तपासण्या या मुदतीत उरकून घ्या.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. अर्ज बेकारीचे ३० दिवस झाल्यावर. गैरवर्तनासाठी काढलं असेल किंवा स्वतः सोडलं असेल तर मिळत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी ईएसआयच्या शाखेत चौकशी करा.

कंपनीचा गट मेडिक्लेम असेल तर तो शेवटच्या दिवशी संपतो. त्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलण्याचा अर्ज द्या, म्हणजे प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. मोठ्या आजारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं आत्ताच जुळवून घ्या. अ‍ॅडमिट झाल्यावर ती धावपळ होत नाही.

११. पीएफ सगळा काढून टाकू का?

शक्य तितका उशिरा आणि कमीत कमी काढा. नोकरी नसतानाही खात्यावर व्याज मिळत राहतं. एकूण पाच वर्षांची सलग सदस्यता व्हायच्या आत काढला तर तो करपात्र होतो, आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन असताना १० टक्के टीडीएस कापतात. जुन्या कंपनीचा पीएफ आधी नव्या खात्यात वळवला असेल तर ती वर्षंही मोजतात.

आजवरचा नियम एका महिन्याच्या बेकारीनंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर बाकीचे असा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनंतर असा निर्णय घेतला. अर्ज भरताना पोर्टल जी रक्कम दाखवतं तीच धरून चला.

दावा फेटाळला जाण्याची नेहमीची कारणं तीन: आधार आणि यूएएनवरचं नाव किंवा जन्मतारीख न जुळणं, बँक खात्याची केवायसी अपुरी असणं, आणि कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख न टाकणं. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले की ती तारीख आधार ओटीपीनं तुम्ही स्वतः टाकू शकता. पेन्शनसाठी दहा वर्षं भरत आली असतील तर पेन्शनचा भाग अजिबात काढू नका, योजना प्रमाणपत्र (पेन्शनची जुनी वर्षं पुढे जोडता येणारा दाखला) घ्या.

१२. घराचा हप्ता थकणार आहे. सोनं मोडू? की सावकाराकडून घेऊ?

हप्ता थकायच्या आधी बँकेत किंवा पतसंस्थेत जा. नियमित खातेदाराला मुदत वाढवून हप्ता कमी करणं किंवा काही महिने फक्त व्याज भरणं अशी सवलत मागता येते; तीन हप्ते चुकल्यावर तीच मागणी अवघड होते, कारण ९० दिवस थकलं की खातं एनपीएत (बुडीत धरलेल्या कर्जांत) जातं. छाटणीचं पत्र सोबत न्या. क्रेडिट कार्डाची "किमान रक्कम" भरत राहणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे.

सोन्याबाबत: सहा-आठ महिन्यांत सोडवता येईल असं वाटत असेल तर बँकेत तारण ठेवा. तशी आशा नसेल तर थोडं मोडलेलं बरं, नाहीतर व्याजापायी सगळंच लिलावात जातं. गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) मोडताना दोन-तीन ठिकाणी वजन आणि टंच करून घ्या. घडणावळ परत मिळत नाही हे धरूनच आकडा काढा. मोडायचे तर बिस्किट, वळी आधी, मंगळसूत्र आणि आईचे दागिने नंतर.

खासगी सावकाराकडे परवाना नसेल तर पाऊल टाकू नका. कोरे धनादेश, जमिनीचं खरेदीखत, गाडीचं आरसी बुक मागणारा सावकार असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते.

१३. मुलीची इंजिनिअरिंगची फी कशी भरू?

महाडीबीटी हे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल आधी बघा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो जून-जुलैच्या गर्दीआधी काढा. शाळेची फी असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन हप्ते मागा.

१४. कोल्हापुरात काम शोधायचं तर कुठे?

जाहिरातीची वाट बघण्यापेक्षा माणसं जास्त उपयोगी पडतात. आपल्याकडच्या लहान-मध्यम फाउंड्री आणि मशीन शॉपमधल्या जागा फोरमनच्या शब्दावर भरल्या जातात. जुने सहकारी, टूल पुरवणारे, ट्रान्सपोर्टवाले, मशीन सर्व्हिसचे इंजिनिअर यांची यादी करा आणि प्रत्येकाला वेगळा फोन करा. "काही असेल तर सांगा" असं म्हणू नका. "व्हीएमसी सेटर म्हणून दहा वर्षं काढली आहेत, दुसऱ्या शिफ्टलाही येतो" असं नेमकं सांगा.

राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणी करा; जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. ट्रॅक्टर किंवा वाहन उद्योग मंदावला की कास्टिंगची कामं सगळीकडे एकदमच कमी होतात. तेव्हा शिरोलीतून कागलला अर्ज करत फिरण्यापेक्षा तेच कौशल्य दुसरीकडे न्या: साखर कारखान्याची देखभाल (गळीत हंगामाच्या आधीच विचारा), डेअरीतलं युटिलिटी आणि बॉयलर, इचलकरंजीतलं लूम मेंटेनन्स, पंप-व्हॉल्व्ह उत्पादन.

१५. बायोडेटात काय लिहू? दहा वर्षं एकाच कंपनीत होतो.

"मेहनती, प्रामाणिक" ही ओळ काढा. मशीन शॉपसाठी लिहा: कोणता कंट्रोल (फानूक, सीमेन्स), फक्त लोडिंग की सेटिंग आणि ऑफसेट देणंही, कोणता जॉब, किती टॉलरन्स, कोणतं मटेरियल (ग्रे आयर्न, एसजी आयर्न, स्टील). फाउंड्रीसाठी: भट्टीची क्षमता, मोल्डिंग लाइन, वाळूच्या कोणत्या चाचण्या स्वतः घेत होता, रिजेक्शन कोणत्या दोषामुळे होतं आणि ते कमी करायला काय केलं. एक पान पुरे.

ट्रायल घेतात तेव्हा बहुतेक जण मशीनवर अडत नाहीत, मोजमापावर अडतात. ०.०२ मिमी व्हर्निअर आणि ०.०१ मिमी मायक्रोमीटर वाचायचा सराव आदल्या दिवशी करा. हातात घेतल्यावर आधी शून्य तपासा. समोरचा तेच बघत असतो. नोकरी का गेली असं विचारलं तर "ऑर्डर कमी झाल्यानं छाटणी झाली, हे पत्र" एवढंच सांगा. जुन्या मालकावर बोलायला लागलात की मुलाखत तिथेच संपते.

१६. पुण्याला जाऊ का? तिथे पगार जास्त आहे.

फरक खर्च वजा करून बघा. खोली, खानावळ, महिन्यातून दोनदा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर येणं-जाणं आणि इकडचं घर चालूच. महिन्याला आठ-दहा हजारांचा फरक असेल तर तो यातच संपतो. जायचंच ठरलं तर आधी एकट्यानं जा, प्रोबेशन संपेपर्यंत मुलांची शाळा हलवू नका.

१७. कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात. खरं असतं का?

नोकरीसाठी नोंदणी फी, युनिफॉर्म डिपॉझिट, लॅपटॉपची रक्कम मागितली की ती फसवणूक समजा. परदेशी नोकरी असेल तर एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. अशा एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

१८. नवरा दोन महिन्यांपासून गप्प आहे, झोपत नाही, पिणं वाढलंय.

याला आळस म्हणू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. "मी नसलो तर बरं" असं काही बोलले तर त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि शेतातलं कीटकनाशक कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

१९. आठ महिन्यांनी जुन्याच कंपनीनं बोलावलं. भरपाई परत द्यावी लागते का?

छाटणीची भरपाई परत द्यावी लागत नाही. उलट, छाटणीनंतर एका वर्षाच्या आत त्याच कामासाठी माणसं घ्यायची असतील तर छाटणी झालेल्यांना प्राधान्य द्यावं लागतं. तुम्हाला डावलून नवीन माणूस घेतला असेल तर प्रश्न ७ प्रमाणे तक्रार करता येते. परत जाताना नवं नेमणूक पत्र घ्या, त्यात जुनी सेवा जोडली आहे की नाही ते स्पष्ट लिहून मागा, आणि यूएएन जुनाच द्या.